कागदी फुग्याचे उड्डाण

दिवाळीत घरोघरी टांगल्या जाणाऱ्या दिव्याला आपण आकाशकंदील म्हणतो. परंतु हा कंदील आकाशात कधीच जात नाही. गच्चीच्या कठड्याला किंवा दारातील खिळ्याला दोरीने बांधलेला तो बिचारा पाच दिवस वाऱ्यावर झुलतो आणि मग माळ्यावर जाऊन पडतो. खरोखरीच आकाशात जाणारा कागदी कंदील पाहावयाचा असेल, तर कालीपूजेच्या सुमारास उत्तर कोलकात्यात जावे. तेथे पातळ रंगीत कागदाच्या पाकळ्या एकमेकींना चिकटवून मोठे पोकळ गोळे करतात, त्यांच्या तोंडाशी अग्नी पेटवितात आणि गोळा तट्ट फुगला की सोडून देतात. ह्याला तेथील लोक फानूस म्हणतात. शेजारच्या बांगलादेशात बौद्ध लोक प्रवारणा पौर्णिमेला असेच फानूस सोडतात.

ह्या फानुसाचे एक लहान, निरुपद्रवी आणि अग्निविरहित भावंड घरच्या घरी मुलांकडून कसे करवून घ्यावे, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे. 'अग्निविरहित' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

फ्रान्सच्या दक्षिण भागात आनोने नावाचे गाव आहे. तेथे माँगोल्फिए घराण्याचा कागदाचा कारखाना होता. त्या घराण्यातील जोसेफ आणि एत्येन ह्या दोघा भावांनी ४ जून १७८३ रोजी गावातील लोकांसमोर एक प्रचंड फुगा आकाशात सोडला. तो गोणपाटासारख्या जाड कापडाचा असून त्याला आतून कागदाचे अस्तर होते, आणि त्याचे तुकडे चक्क गुंड्यांनी जोडलेले होते. व्यास सुमारे अकरा मीटर. खाली गवत आणि लोकर जाळून दाट धूर केला, फुगा फुगला, दीड हजार मीटरांहून अधिक उंच गेला आणि दहाएक मिनिटांनी दूर शेतात उतरला. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला व्हर्सायच्या राजवाड्यासमोर एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा ह्यांनी फुग्यातून प्रवास केला. २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोन पुरुष पॅरिसवरून सुमारे पंचवीस मिनिटे उडाले.

ह्या इतिहासातील मला सर्वांत मनोवेधक वाटणारी गोष्ट त्या भावांच्या यशाची नाही, चुकीची आहे. फुगा उडाला, परंतु तो का उडाला हे त्यांना ठाऊक नव्हते. जाळण्यापासून एक विशेष हलका वायू निघतो व तो धुराबरोबर वर चढतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणूनच ओले गवत व लोकर असे भरपूर धूर करणारे जळण ते वापरीत. गंमत अशी की, आज एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला विचारले तर तेही हेच उत्तर देते. माझ्या बहिणीच्या मुलीने फुगा तयार होत असताना मला विचारले होते, "मावशी, पण धूर कुठून आणणार?" धूर नको म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. बिनधुराचा फुगा उडेल ह्यावर तिचा विश्वास बसेना. त्या काळी जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर ह्यांनी कागदी फुग्यात नुसते तापलेले लोखंड धरून दाखवून दिले होते की, धुराचे काही काम नाही. काम करते ती उष्णता. आपण तोच प्रयोग केस वाळविण्याच्या यंत्राने, म्हणजे हेअर ड्रायरने, करणार आहोत. त्यातून धुराचा अंशही बाहेर पडत नाही. तेव्हा फुगा वर गेला की दोनशे चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या वादाचा निकाल आपल्या डोळ्यांदेखत लागेल.

उष्णता काम करते, म्हणजे काय करते? हवेला वजन आहे, हे मुलांना पाठ असते, पण पटलेले नसते. हिवाळ्यातील सकाळी, तपमान १५ अंश सेल्सिअस असताना, समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १,२२५ ग्रॅम भरते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व तितक्याच उंचीच्या खोलीत ३३ किलोग्रॅम हवा कोंडलेली असते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे वजन साधारण इतकेच. हीच हवा ६० अंशांपर्यंत तापविली की ती प्रसरण पावते, आणि आता एका घनमीटरात १,०६० ग्रॅमच मावतात. हा जो १६५ ग्रॅमांचा फरक, ती आपली 'उचल'. पाण्यात लाकूड वर येते ते जसे पाणी त्याला वर ढकलते म्हणून, तशीच भोवतालची थंड, जड हवा आतील हलक्या हवेला कागदासकट वर ढकलते. उचल कागदाच्या वजनाहून अधिक झाली की फुगा उडालाच पाहिजे, कमी पडली की कितीही आर्जव केले तरी उडावयाचा नाही.

येथेच बहुतेक घरांत निराशा होते. मुलांना हातात मावेल असा चिमुकला फुगा करावयाचा असतो, आणि पालकांनाही पसारा नको असतो. मग एका संध्याकाळी नारळाएवढा गोळा चिकटविला जातो, त्यात गरम हवा सोडली जाते, आणि तो टेबलावर तसाच बसून राहतो. दोष चिकटविणाऱ्याचा नसतो, आकाराचा असतो. पतंगाच्या पातळ कागदाचे वजन चौरस मीटरला २० ग्रॅम धरू. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाला कागद लागतो पावणेसहा ग्रॅम, आणि त्याची उचल सव्वादोन ग्रॅमांच्या आसपास. व्यास दुप्पट, म्हणजे ६० सेंटिमीटर केला, तर कागद चौपट होतो, २३ ग्रॅम. पण आतील हवा आठपट होते, म्हणून उचल १९ ग्रॅम. अजूनही नाहीच, पण अंतर किती कमी झाले पाहा. आणखी एकदा दुप्पट करावे. १२० सेंटिमीटर व्यासाला कागद ९० ग्रॅम, आणि उचल १५० ग्रॅम! पृष्ठफळ वर्गाने वाढते व घनफळ घनाने वाढते, हे भूमितीच्या पुस्तकातील कोरडे वाक्य येथे असे अंगणात उभे राहते. मुलांकडून ही तीन गणिते कागद कापण्याआधी करवून घ्यावीत, मग मोठ्या फुग्याचा कंटाळा कोणी करीत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. पतंगाचा कागद साधारण ५० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर लांब अशा तावांत मिळतो. वीस ताव आणावेत. दहा ताव वाण्याच्या तराजूत टाकून पाहावेत. ७५ ग्रॅमांच्या आसपास भरले तर वर धरलेला हिशेब जुळतो, शंभरावर गेले तर तो कागद दुकानदाराला परत करावा. चकचकीत, मेण लावलेला कागद जड असतो, तो घेऊ नये.

फुगा आठ पाकळ्यांचा असतो. सोललेल्या संत्र्याच्या सालीचे लांबट तुकडे डोळ्यांसमोर आणावे. प्रत्येक पाकळीसाठी दोन पूर्ण ताव लांबीच्या दिशेने टोकाला टोक लावून चिकटवावे, आणि त्यांना तिसऱ्या तावाचा २५ सेंटिमीटरांचा तुकडा जोडावा. एका तावातून असे तीन तुकडे निघतात, म्हणून आठ पाकळ्यांस एकूण एकोणीस ताव पुरतात, विसावा ठिगळांसाठी. आठही लांब पट्ट्या तयार झाल्या की त्या एकावर एक रचाव्या व मधोमध लांबीतून दुमडाव्या.

आकार कापण्यासाठी आधी खाकी कागदाचा नमुना करावा. दुमडीची कड सरळ धरून वरच्या टोकापासून मापे घ्यावीत: २० सेंटिमीटरांवर निम्मी रुंदी ७.७ सेंटिमीटर, ४० वर १४.६, ६० वर १९.८, ८० वर २२.९, आणि ९४ वर, म्हणजे फुग्याच्या पोटाशी, २३.६. तेथून खाली हीच मापे उलट क्रमाने येतात: १०८ वर २२.९, १२८ वर १९.८, १४८ वर १४.६, आणि १६८ वर ७.७. येथे पाकळी आडवी कापून टाकावी. ही झाली फुग्याच्या तोंडाची कड. बिंदू हाताने मऊ वळणाने जोडावेत, कोपरे राहू देऊ नयेत. जोडासाठी बाहेरच्या कडेला सगळीकडे अर्धा सेंटिमीटर अधिक कागद सोडावा. ही मापे कोठून आली असे एखाद्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला ज्या-सारणी उघडावयास सांगावे. फुग्याची त्रिज्या ६० सेंटिमीटर व पाकळ्या आठ, एवढ्यावरून त्याला ती स्वतः काढता येतील.

चिकटविण्यासाठी कणकेची किंवा मैद्याची पातळ खळ उत्तम. ती बोटाने न लावता कुंच्याने, आणि अगदी अरुंद पट्ट्यातच लावावी. मुले खळ लावतात ती भिंतीवर जाहिरात चिकटविल्यासारखी, आणि वाळलेल्या खळीचे वजन फुग्यालाच वाहावे लागते. पहिली पाकळी जमिनीवर पसरावी, दुसरी तिच्यावर ठेवून एका कडेने चिकटवावी. तिसरी दुसऱ्या पाकळीच्या मोकळ्या कडेला. असे करीत गेले की पंख्याच्या घड्यांसारखी चळत तयार होते, आणि शेवटी आठव्या पाकळीची कड पहिलीला मिळवून गोल पुरा होतो. दोन जोडांमध्ये जुने वर्तमानपत्र सरकवून ठेवावे, नाही तर खळ नको तेथे चिकटते आणि सोडविताना कागद फाटतो. हे काम एका बैठकीत उरकण्याच्या भरीस पडू नये. आमच्या घरी तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्यांपैकी एक केवळ ठिगळे लावण्यात.

पाकळ्यांची टोके जेथे मिळतात तेथे हमखास भोक राहते. त्यावर तळहाताएवढी गोल चकती चिकटवून तिच्यात दोऱ्याचे एक कडे अडकवावे. खाली तोंडाला बांबूच्या अगदी बारीक तासलेल्या कामटीचे सव्वा मीटर घेराचे कडे बसवून त्यावर कागदाची कड दुमडून चिकटवावी. हे कडे आठ-दहा ग्रॅमांचे असावे. त्याचे काम दुहेरी आहे: तोंड उघडे ठेवणे, आणि खालच्या बाजूस थोडे वजन देऊन फुगा सरळ उभा ठेवणे. कडे फारच हलके झाले तर फुगा वर गेल्याबरोबर कलंडतो व आतील गरम हवा सांडून जाते. कागद, खळ, कडे सर्व मिळून वजन ११० ते ११५ ग्रॅम भरेल. उचल १५० ग्रॅमांची. म्हणजे शिल्लक ३५ ग्रॅमांच्या आसपास. भांडवल फार नाही, हे ध्यानात ठेवावे.

म्हणूनच वेळ निवडणे महत्त्वाचे. मे महिन्यातील दुपारी बाहेर ३८ अंश असताना आतली हवा ६० अंशांवर नेली, तर घनमीटरामागे फरक उरतो अवघा ७५ ग्रॅमांचा. सबंध फुग्याची उचल ६८ ग्रॅम होते आणि कागदच तिच्याहून जड ठरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रयोग करून हताश झालेल्या पालकांनी जानेवारीत, सूर्योदयाच्या सुमारास, वारा पडलेला असताना तोच फुगा पुन्हा बाहेर काढावा.

आता अग्नीविषयी. ह्या विषयावरील जुन्या पुस्तकांत फुग्याच्या तोंडात तारेचा आडवा दांडा बसवून त्याला स्पिरिटमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा बांधावा व तो पेटवून फुगा सोडावा, असे बेधडक लिहिलेले असते. माझे मामा सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहत. मी आठ-नऊ वर्षांची असताना, होळीच्या सुट्टीत, त्यांनी अशाच एका पुस्तकावरून आम्हां भाचरंडांसाठी फुगा केला. तो सुरेख उडाला. आम्ही त्याच्यामागे बांधावरून धावत सुटलो. पिंपळाच्याही वर गेलेला तो लाल ठिपका मला आजही दिसतो. मग वाऱ्याने तो कलला, खाली येऊ लागला, आणि बोळा अजून जळत असतानाच शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीवर उतरला. ज्वारीची काढणी नुकतीच झाली होती. विहिरीचे पाणी येईतो गंज संपली होती. ती त्या घरच्या दोन बैलांची पावसाळ्यापर्यंतची वैरण होती. शेजारी मामांना एक शब्दही बोलले नाहीत. मामांनी मात्र त्या उन्हाळ्यात आपल्या गंजीतील निम्मा कडबा त्यांच्याकडे पोचविला आणि जून उजाडण्यापूर्वी आपली एक म्हैस विकली. आमच्या आजोळी त्यानंतर पतंगाचा कागद कोणी आणला नाही.

पुढे अनुवादाचे काम करू लागल्यावर एका पुस्तिकेत तेच वाक्य समोर आले: स्पिरिटचा बोळा पेटवावा. मुळात भर घालू नये आणि मुळातले गाळू नये, हा आमच्या व्यवसायाचा पहिला धडा. मी ते वाक्य दोन दिवस तसेच ठेवले. मग गाळले, आणि गाळले असे संपादकांना पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले की, गाळले ते ठीक, परंतु त्याजागी मुलांना काय द्याल? हेअर ड्रायरची युक्ती त्या प्रश्नापोटी शोधावी लागली, आणि तीन फुगे वाया घालविल्यानंतर जमली.

आगीचे हे भय माझ्या एकटीचे नाही. पिलात्र द रोझिए व दार्लांद आपल्याबरोबर ओले स्पंज घेऊन गेले होते, आणि उडत असताना कापडाला पडलेली जळकी भोके त्यांना खरोखरच विझवावी लागली. हाच रोझिए १५ जून १७८५ रोजी इंग्लिश खाडी ओलांडण्याच्या प्रयत्नात फुगा कोसळून मृत्युमुखी पडला. त्या फुग्यात हायड्रोजन आणि खाली विस्तव अशी दोन्हींची सांगड घातलेली होती. माणसे नेणारे आजचे उष्ण हवेचे फुगे नायलॉनसारख्या कापडाचे असतात व त्यांत नळकांड्यातील प्रोपेन वायू जाळतात. ही पद्धत अमेरिकेत एड योस्ट ह्यांनी १९६० साली उडवून दाखविली. तेथे ज्योतीवर माणसाचा हात असतो. सुटलेल्या कंदिलावर कोणाचाच नसतो, आणि म्हणून आपल्याकडे मुंबईसारख्या शहरांत पोलीस उडत्या कंदिलांना मनाई करतात. ती मनाई मला योग्य वाटते.

तर आपला फुगा. जागा शाळेचे सभागृह किंवा चारी बाजूंनी भिंती असलेले अंगण असावी. सभागृहातील पंखे बंद करावेत. उघड्यावर करावयाचे असल्यास विजेच्या तारा जवळ नसाव्यात, आणि कड्याला दहा-बारा मीटर साधा शिवणाचा दोरा बांधावा. मांजा किंवा नायलॉन नको. एका उंच मुलाने स्टुलावर उभे राहून वरच्या दोऱ्याचे कडे काठीच्या टोकाने उचलून धरावे, दोघांनी खालचे कडे धरावे. ड्रायर मोठ्या माणसाने हाती घ्यावा, आणि तो तोंडाच्या आत न घालता वीतभर खाली धरावा. आत घातला तर तो आपलीच गरम हवा पुन्हा शोषून घेतो व तापून बंद पडतो. ओल्या जमिनीवर किंवा दवाने भिजलेल्या गवतावर विजेचे यंत्र मुळीच वापरू नये.

प्रथम काहीच घडत नाही. कागद कुरकुरतो, एखाद-दुसरी पाकळी पोटातून बाहेर येते, पुन्हा आत जाते. मग एकाएकी सगळा फुगा गोल होतो, आणि काठी धरणाऱ्या मुलाला ती नको होते. दोन-तीन मिनिटांनी कडे धरणाऱ्यांना विचारावे: जड लागते की हलके? हलके म्हटले तरी घाई करू नये. कडे हातातून वर ओढले जात आहे, असे दोघांनीही सांगितले पाहिजे. मग दोघांनी एकदम सोडावे; एकाने आधी सोडले तर फुगा कलतो.

आमचा फुगा सभागृहाच्या तुळईला जाऊन टेकला. माझी भाची धूर शोधीत राहिली आणि मग खाली बसून तिने वहीत वेळ लिहिली: २८ सेकंद. त्यानंतर आतील हवा निवू लागली, फुगा पोटाशी थोडा आक्रसला, आणि पायरी-पायरीने उतरल्यासारखा खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचे तपमान तीन अंशांनी कमी होते, आणि वहीत आकडा पडला ३६. तिसऱ्या दिवशी एका पाकळीला बोटभर चीर गेली होती. विसाव्या तावातील ठिगळ तिला लावून, वाळवून, फुगा घडीवर घडी घालून ठेवला आहे. भाचीला आता दीड मीटर व्यासाचा करावयाचा आहे, आणि त्याच्या कागदाचा हिशेब तिने माझ्याकडून तपासून घेतला नाही.